परसदार तुझ्या एकटीचं नाही

आधी हिरवळीचा बेत मनातून काढून टाक. राजेंद्र नगरात घरामागे एवढी मोकळी जागा मिळणं आता सोपं राहिलेलं नाही, आणि ती सगळी तू शोभेच्या गवताला देऊन बसलीस तर मला खरंच वाईट वाटेल. आपल्या नळाला येणारं पाणी सुमारे ७० किलोमीटरवरून, मंडलेश्वरजवळच्या जलूदहून येतं. नर्मदा खाली निमाडात, आपण वर माळव्याच्या पठारावर. म्हणजे ४०० मीटरांहून जास्त चढ चढून ते तुझ्या टाकीत पडतं. आईला विचार. १९७० मध्ये या पाण्यासाठी इंदूरकर रस्त्यावर उतरले होते आणि १९७८ मध्ये नर्मदा शहरात आली. तिच्या पिढीच्या बायका अजून नळ वाहता सोडून दुसऱ्या खोलीत जात नाहीत, ते उगाच नाही. हे पाणी अळूला घाल, लिंबाला घाल, मोगऱ्याला घाल. वैशाखाच्या उन्हात गवतावर उडवू नकोस.

दुसरं जे सांगायचंय ते जरा मनातलं आहे, म्हणून समोरासमोर न बोलता लिहून पाठवतेय. वास्तुशांतीच्या दिवशी तू मला बागेची वही दाखवलीस. पान भरून झाडांची नावं होती, कुठल्या महिन्यात काय पेरायचं तेही व्यवस्थित लिहिलेलं होतं. पण त्या पानावर तुझ्या नवऱ्याचं नाव कुठेच नव्हतं. मुलांचं नव्हतं, सासूबाईंचंही नव्हतं. सगळ्या ओळींत तू एकटी. सकाळी डबे, मग तुझी शाळा, दुपारी वह्या तपासणं, संध्याकाळी पुन्हा ओटा. त्यात बाग हे आणखी एक काम होऊन आलं तर दोन वर्षांत तुला त्या बागेचा तिटकारा येईल. मी रामबागेत, लोकमान्य नगरात आपल्या ओळखीच्या कितीतरी घरांत हेच पाहिलंय. हौशी सून आली, परस फुलला, सून थकली आणि एके दिवशी सगळ्यावर फरशी बसली. त्यात सुनेचा काही दोष नव्हता. घरातल्या बाकीच्यांचा हात त्या मातीला कधी लागलाच नाही, एवढंच.

म्हणून वहीचं ते पान फाडू नकोस, पण त्यावर दुसऱ्या रंगाच्या पेनाने माणसांची नावं लिहायला घे. कोणाला काय द्यायचं ते मी ओघाने सांगतेच.

पहिल्या वर्षी झाडं मोजकी लाव, पण खताचा ढीग याच आठवड्यात सुरू कर. हे सांगताना मला आपल्या गावाचा फार अभिमान वाटतो. खत करण्याची जी पद्धत जगभरच्या बागायतीच्या पुस्तकांत ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते, ती इथेच, आजच्या कृषी महाविद्यालयाच्या जागेवर तयार झाली. १९२४ मध्ये तिथे इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री सुरू झाली. जमीन होळकर दरबारने दिली होती. अल्बर्ट हॉवर्ड हे वनस्पतिशास्त्रज्ञ १९३१ पर्यंत तिथे संचालक होते. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल स्वतः नावाजलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञ, संशोधनात बरोबरीच्या सोबती; १९३० मध्ये त्या गेल्या. पुढच्याच वर्षी या खताचं पुस्तक निघालं, आणि त्यावर हॉवर्ड यांच्या नावाशेजारी दुसरं नाव आहे यशवंत वाड यांचं. हे नाव आपल्या इंदुरात फारसं कोणी घेत नाही, याची मला खंत आहे. तू शिक्षिका आहेस, निदान तुझ्या वर्गातल्या मुलांना तरी सांग.

त्यांनी केलं काय, तर शेतावर जे वाया जात होतं ते सगळं कामाला लावलं. कापसाच्या पऱ्हाट्या कडक, लवकर कुजत नाहीत, म्हणून त्या शेतातल्या रस्त्यावर पसरून बैलगाड्यांच्या चाकांखाली चिरडून घ्यायच्या. मग पऱ्हाट्या, तण, पाला, शेण, गुरांखालची मूत्राने भिजलेली माती आणि चुलीतली राख यांचे थर द्यायचे, ओल राखायची, ठरावीक दिवसांनी सगळं उलथायचं. तीन महिन्यांत खत तयार. उन्हाळ्यात आणि थंडीत हे खत खड्ड्यात करायचं, पावसाळ्यात मात्र जमिनीवर ढीग रचायचे, कारण आपल्या काळ्या मातीतल्या खड्ड्यात पाणी साचलं की कुजण्याऐवजी सडायला लागतं. ही एवढीशी गोष्ट लोक विसरतात आणि श्रावणात मागच्या दाराला दुर्गंधी सुटली की बागेलाच नावं ठेवतात.

तुला गोठा नाही, शेत नाही. काही अडत नाही. कुंपणाच्या कोपऱ्यात, जिथे दुपारनंतर सावली येते तिथे, हातभर रुंदीची जागा न घेता चांगली तीन फूट लांब-रुंद जागा घे. ढीग छोटा असला तर आत ऊब धरत नाही आणि ऊब नसेल तर कुजणं रेंगाळतं. खाली काटक्या, त्यावर सुका पाला, त्यावर स्वयंपाकघरातला ओला कचरा, मग मूठभर जुनी माती. ओल्याच्या दुप्पट सुकं, हे प्रमाण लक्षात ठेव. डेअरीवाल्याकडून घमेलंभर शेण मिळालं तर पाण्यात कालवून शिंपड. नाही मिळालं तर आंबट ताक. मुठीत घेऊन दाबलंस तर हाताला ओल लागावी, पाणी गळू नये. वास आला तर सुका पाला कमी पडला असं समज. शिजलेलं तेलकट अन्न त्यात टाकू नकोस, उंदीर येतात.

आणि ढीग उलथण्याचं काम तुझ्या नवऱ्याचं. हे मी ठासून सांगतेय. पंधरवड्याने एकदा, पुन्हा पंधरवड्याने एकदा, मग महिनाभराने एकदा, असं तीनदा फावड्याने खालचं वर करायचं. फार वेळ लागत नाही, पण ताकदीचं आहे. पहिल्यांदा उलथताना आतून वाफ निघते. ती त्याला आणि मुलांना एकत्र दिसू दे. पाला आणि भाजीची देठं नुसती पडून एवढी तापतात, हे बघितलं की माणूस पुढच्या वेळी आपणहून फावडं शोधतो.

आपलं शहर २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं येत राहिलं, त्याचं श्रेय घरोघरी ओला-सुका कचरा वेगळा करणाऱ्या बायकांना आणि पहाटे गाडीवर येणाऱ्या निगमच्या कर्मचाऱ्यांना आहे, हे मी नेहमी म्हणते. तो ओला कचरा देवगुराडियाला जातो. २०२२ मध्ये तिथे रोज ५५० टन कचऱ्यापासून गॅस करणारा प्रकल्प सुरू झाला. चांगलंच आहे. पण ज्यांच्या घरामागे माती आहे त्यांनी तरी आपली सालं-देठं आपल्या मातीला द्यावीत. गाडीत मग तुझ्याकडून जवळजवळ फक्त सुकंच जाईल.

मातीविषयी नर्सरीवाला तुला म्हणेल की ही काळी माती काढून टाका, लाल मातीची ट्रॉली टाका. ऐकू नकोस. सध्या तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडल्यात, ते तिचं चालूच असतं. बेसाल्टचा खडक झिजून ती झालेली आहे. तिच्यातली चिकणमाती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात वरचा चुरा आणि पाला भेगांतून आत पडतो, म्हणजे ती स्वतःच स्वतःला उलथत असते. पावसात मात्र तिच्यात कुदळ घालायची घाई करायची नाही. ओल्या मातीची ढेकळं झाली की ती दिवाळीपर्यंत फुटत नाहीत. वाफसा येऊ दे. भाजीसाठी वीतभर उंच गादीवाफे कर, म्हणजे मुळांशी पाणी तुंबणार नाही. या मातीत चुन्याचा अंश जास्त, त्यामुळे जास्वंद, लिंबू, मोगरा यांची कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मातीत लोह असतं, पण चुन्यामुळे ते मुळांना घेता येत नाही. भरपूर कुजलेलं खत दिलंस की बरंच सुधारतं. तरीही पिवळेपणा गेला नाही तर छावणीतल्या बियाण्याच्या दुकानात चिलेटेड आयर्न मिळतं, ते पानांवर फवार.

आता वैशाख सरत आलाय, तेव्हा हातात महिना आहे. वांगी, मिरची, टोमॅटो यांची रोपं आत्ताच सावलीतल्या वाफ्यात टाक. पाऊस लागून जमीन निवली की महिन्याभराची रोपं हलवायला तयार असतील. अळूचे कंद बाथरूमच्या पाण्याच्या वाटेजवळ पुरायची आपल्याकडे जुनी रीत आहे, पण आता त्या पाण्यात डिटर्जंट असतं. साबणाच्या पाण्यावर कर्दळ लाव, ती तक्रार करत नाही. अळूला तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी दे. आणि गराडू लाव! कुंपणाशी त्या कंदाचा कोंब आलेला एक तुकडा पुरून टाक, वेल आपोआप चढतो. पौषात खणून काढायचा, तळायचा, वर जिरावन आणि लिंबू. सराफा बाजारात रात्री उभं राहून खातो तेच घरामागे उगवलंय, हे मुलांना कळलं की खणायला तीच पुढे असतील.

थोरलीला मक्याचा तुकडा दे. जून अखेरीला पेरायचा, पण एका लांब ओळीत नव्हे. मक्याचे परागकण वाऱ्याने पडतात, म्हणून चार-पाच छोट्या ओळी शेजारी शेजारी. कणसाच्या प्रत्येक केसरापाशी एक दाणा असतो, आणि ज्या केसराला पराग मिळत नाही तिथला दाणा भरत नाही. हे तिने पुस्तकात वाचलं असेल. कणीस सोलून बघितल्यावर विसरणार नाही. भाद्रपदात कोवळी कणसं निघाली की भुट्ट्याचा कीस कर, दूध घालून, मंद आचेवर. किसायचं कामही तिचंच.

धाकट्याला मुळा आणि मेथी. त्याच्या वयाला वाट बघणं जमत नाही, तेव्हा महिनाभरात हाती येईल असंच द्यायचं. पण ते दसऱ्यानंतर. पावसाळ्यात त्याला कडुनिंबाच्या निंबोळ्या वेचायला लाव. त्या सावलीत वाळवून ठेव. हिवाळ्यात वालाच्या शेंगांवर, कोबीवर मावा येतोच. तेव्हा ५० ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर लिटरभर पाण्यात भिजत घाल, सकाळी गाळून घे आणि संध्याकाळी उन्हं उतरल्यावर फवार. भरदुपारी फवारलंस तर पानं करपतात आणि औषधाचा जोरही जातो.

सासूबाईंचा कोपरा वेगळा ठेव. त्यांना तुळस हवी, दूर्वा हवी, पारिजातक हवा, सोवळ्यात तोडता येतील अशी फुलं हवीत. तू त्या कोपऱ्यात भाजीचं डोकं लावू नकोस आणि त्यांना सल्लाही देऊ नकोस. पाहिजे तर जमिनीपासून कमरेइतक्या उंचीचा ओटा बांधून दे, म्हणजे त्यांना वाकावं लागणार नाही. आपलं गाव सोडून मुलाच्या घरी आलेल्या बाईला चार हात जमीन स्वतःची वाटणं ही फार मोठी गोष्ट असते गं. तुमच्या दोघींमधलं बरंच काही त्या कोपऱ्यामुळे सोपं होईल, बघशील तू.

आषाढी अमावस्येला आपण दिवे उजळतो, त्याच दिवशी शेजारणींची हरियाली अमावस असते. त्यांचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो, हे तुला एव्हाना कळलं असेलच. झाड लावायला तो दिवस उत्तम. जमीन खोलवर भिजलेली असते आणि पुढे दोन महिने पावसाची सोबत असते. त्या दिवशी शेजारणीला बोलाव. सीताफळ, पेरू, शेवगा यांतलं एखादंच झाड निवड. शेवगा घेतलास तर भिंतीपासून लांब, त्याची फांदी वाऱ्यात पटकन मोडते. दोन्ही घरांनी मिळून लावलेल्या झाडाच्या शेंगा पुढे कुंपणावरून देता-घेता येतात.

महालक्ष्म्यांच्या वेळी परसाचा खरा उपयोग होतो. सोळा भाज्या, पत्री, फुलं, सगळं बाजारातून आणायचं म्हणजे राजवाड्याच्या गर्दीत अर्धा दिवस जातो. अळू, गिलकी, दोडका, भेंडी, लाल भोपळा, मिरची, एवढं घरचं निघालं तरी पुष्कळ. तेरडा मात्र नक्की लाव. आपल्याला तो गौरींना लागतो, आणि गौरी गेल्या की पितृपक्षात गल्लीतल्या माळवी मुली भिंतीवर शेणाची संजा मांडतात, तिला पाकळ्या लागतात. पूर्वी प्रत्येक भिंतीवर संजा दिसायची. आता गुळगुळीत टाइल्सच्या भिंतींवर शेण धरत नाही आणि मुलींना वेळही नसतो. तुझ्या मागच्या भिंतीचा एक चौकोन त्यांना देऊन टाक. थोरली त्यांच्यात बसेल, मग नवरात्रात त्या आपल्या भोंडल्याला येतील. माझ्या पाहण्यात इंदूरच्या मराठी मुली अशाच दोन्ही घरची गाणी घेऊन वाढल्या, आणि तुझी मुलगी त्याला मुकू नये असं मला मनापासून वाटतं.

दसऱ्यानंतर गुलाबाची छाटणी. बाग झाडून घ्यायची तीही दिवाळीच्या साफसफाईबरोबरच. याला आपल्याकडे मोठी परंपरा आहे. पॅट्रिक गेडिस नावाच्या स्कॉटिश नगररचनाकाराला होळकर दरबारने बोलावलं होतं. १९१८ मध्ये त्यांनी इंदूरचा अहवाल दिला. शहरात तेव्हा प्लेगची भीती. लोकांना नुसतं बजावण्यापेक्षा त्यांनी दिवाळीत मिरवणूकच काढली आणि जाहीर केलं की जो भाग सर्वांत स्वच्छ होईल तिथून ती जाईल. घराघरांतून गाड्या भरभरून केर निघाला. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची प्रचंड प्रतिमा होती, सफाई कामगार नव्या कपड्यांत, हार घालून सन्मानाने चालत होते, आणि लोकांना वाटण्यासाठी छोट्या कुंड्यांत तुळशीची रोपं होती. मला त्यातला तो हार आणि ती तुळस फार मोलाची वाटते. तुझ्याकडे कचरागाडीवर येणाऱ्या ताईंना दिवाळीला फराळाबरोबर एक रोप दे. देताना मुलांच्या हातून दे.

हिवाळा हा आपल्या पठाराचा राजा ऋतू. मेथी, पालक, मटार, गाजर, कोथिंबीर, सगळं जमतं. कोथिंबिरीचे धने पेरण्याआधी रगडून दोन फोडी करून घे. फार शिकवायला नको, हिवाळ्यात माळव्याची जमीन स्वतः शिकवते. दोनच गोष्टी सांभाळ. डिसेंबर-जानेवारीत मावठा पडतो, ढगाळ हवेत मटारावर भुरी येते; त्या दिवसांत पाणी देऊ नकोस. आणि मावठा ओसरून आकाश निरभ्र झालं, वारा पडला, की त्या रात्री पाला, म्हणजे गोठलेलं दंव, पडण्याची भीती. संध्याकाळीच वाफे भिजव. ओली माती दिवसाची ऊब जास्त धरते आणि रात्री हळूहळू सोडते. टोमॅटो-मिरचीवर जुनी लुगडी, चादरी पांघर, सकाळी ऊन आलं की काढ. चादरी घालणं-काढणं हे दोन्ही मुलांचं काम; त्या निमित्ताने ती थंडीत अंथरुणातून उठतात.

संक्रांतीच्या सुगडात हरभऱ्याचे घाटे, गाजर, बोरं, ओंबी घालायची असते. हरभरा कुंडीतही येतो. भोगीची भाजी त्या दिवशी परसात जे असेल त्याची कर. यादी पूर्ण करायला बाजारात धावू नकोस. एखादी भाजी कमी पडली म्हणून भोगी रागावत नाही, आणि सासूबाईंनी कुरकुर केली तर माझं नाव सांग.

जानेवारी सरता सरता मोगऱ्याचं पाणी तोड. पानं गळू लागली की छाटून टाक, थोडे दिवस मुळं उघडी ठेव, मग खत घालून पाणी सुरू कर. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कळ्या मिळायला लागतात आणि ज्येष्ठापर्यंत मिळत राहतात. माळव्याच्या रात्रींची ख्याती तुला माहीतच आहे. दिवसभर कितीही तापलं तरी रात्री गच्चीवर वारा सुटतो, आणि त्या वाऱ्यावर मोगरा असावा, याहून जास्त मी कुठल्या बागेकडून मागत नाही.

आणि चैत्र लागला की, माझ्या बाई, बाग आवर. हे मी सगळ्यांत कळकळीने सांगतेय. चैत्र-वैशाखात या घरात तुला दुसरी कामं आहेत. वर्षाचा गहू येतो, शरबती असो की लोकवन, तो चाळून, हाताला एरंडेल घेऊन चोळून कोठीत भरायचा असतो. फेब्रुवारी-मार्चपासून चोइथराम मंडीत बटाट्याचे ढीग लागतात, त्याचा कीस आणि चिप्स; मग कुरडया, पापड, सालपापड्या. परीक्षेचे पेपर तपासायचे. लग्नसराई. यात तू उन्हाळी भाज्यांचे वाफेही जगवू बघशील तर रात्री दहाला पाठीला हात लावून बसशील. ही जमीन स्वतः उन्हाळ्यात भेगा पाडून पडून राहते. तूही बागेपुरती पडून राहा. मोठी झाडं, मोगरा, तुळस, कढीपत्ता आणि वेलींपैकी गिलकीचा एखादा, एवढंच जगव. बाकी वाफ्यांवर वीतभर सुका पाला पसरून दे आणि मृगापर्यंत तिकडे बघू नकोस. बायकांनी वर्षभर सगळीकडे हिरवंगार ठेवलंच पाहिजे असं कोणी ठरवलं, कोण जाणे. मला ते मान्य नाही.

जी झाडं जगवायची त्यांच्या मुळांपासून थोडं दूर एकेक जुना माठ गळ्यापर्यंत पुरून ठेव. माठ भरला की पाणी झिरपत राहतं, मुळं तिकडे वळतात. रोज नळी धरून उभं राहावं लागत नाही. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं तेव्हा हे फार सोयीचं. बोअरचं पाणी आपल्याकडे जड आहे, कुंड्यांच्या कडेला पांढरा थर धरतो. कुंड्यांना ते सतत देऊ नकोस. आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणीसुद्धा क्षारांचंच, ते फरशी पुसायला वापर. उन्हाळ्यात माठ भरण्याचं काम वाळवणाच्या गडबडीत तुझ्या अंगावर येईल, म्हणून तेही आत्ताच वहीत नवऱ्याच्या नावावर टाकून ठेव.

तो विसरेल. मुलंही विसरतील. एखादं वांग्याचं झाड वाळेल, मेथी जून होईल. तेव्हा तू धावत जाऊन त्यांचं काम उरकून टाकू नकोस, एवढंच कर. वाळलेलं झाड उपटून ढिगावर टाकायला त्यांनाच सांग. तुझ्या हातून सगळं नीटनेटकं होईल हे मला ठाऊक आहे, लहानपणापासून बघतेय तुला. म्हणूनच मला तुझी जास्त काळजी वाटते.

रविवारी चौघांनी या, सासूबाईंनाही घेऊन या. आमच्याकडे त्या दिवशी सकाळी नळ येतो, तेव्हा नऊनंतर निघा. अळूचे कंद आणि कढीपत्त्याच्या बुंध्यातून आलेली पिल्लं मी काढून ठेवते, गराडूचा कोंब आलेला तुकडाही आहे. सासूबाईंना पांढरी जास्वंद हवी होती ना, तिची फांदी देते. ती त्यांच्याच हाताने रोवू देत. मागच्या वर्षीच्या ढिगातलं खत दोन पोती भरून ठेवलंय, तेव्हा गाडीची डिकी रिकामी आणायला तुझ्या नवऱ्याला सांग, आणि पोती त्यालाच उचलायची आहेत हेही सांग. दुपारी जेवायला दाल-बाफले करतेय.

— ताई